मदत हवी आहे : सिगारच्या शेवटच्या भागातला कडवटपणा तंबाखूच्या पानाचा की माझ्या ओढण्याचा?

गेले काही महिने सिगारच्या चवीची वही ठेवतोय. सध्या निकाराग्वाची रोबुस्टो (आखूड, जाडसर आकाराची सिगार) चालू आहे : लांबी ५ इंच, रिंग गेज ५०, म्हणजे जाडी इंचाचे ५०/६४. पेटवण्याआधी नुसतीच ओढून पाहिली तर सुक्या गवताचा, थोडा कोकोचा वास येतो. सिगारचे तीन भाग धरले तर पहिल्यात मिरीचा झणका, मधल्यात भाजलेले दाणे आणि लाकूड. इथपर्यंत फार सुंदर!

शेवटच्या भागात मात्र जीभ चरचरते आणि बाकी सगळ्या चवी बुजतात. ह्युमिडॉरमध्ये (सिगार ठेवायच्या दमट पेटीत) आर्द्रता ६९ टक्के आहे. झुरके मिनिटाला दोन होतात, बहुतेक तिथेच चुकतंय, कारण पान जास्त तापलं की कडू होतं. पण मग पहिले दोन भाग इतके स्वच्छ कसे लागतात?

दुसरी अडचण नाकाची. धूर छातीत न घेता थोडासा नाकावाटे सोडला की वास नीट उलगडतात, हे कळतं. पण मला फक्त जळजळ जाणवते. किती धूर सोडता? आणि गुण देताना शेवटचा भाग वेगळा धरता का? अनुभवींनी कृपया सविस्तर सांगा.