बागभेटीच्या फॉर्ममधील ३४ रकान्यांची मांडणी कशी करावी?

संत्रा_नोंदी, नागपूर
नमस्कार. काटोल आणि नरखेड तालुक्यांतील संत्राबागांना दिलेल्या भेटींच्या नोंदी ठेवणारे एक संकेतस्थळ मी ड्रुपलवर (संकेतस्थळे चालवण्याच्या प्रणालीवर) सांभाळतो. मागणी येईल तसा एकेक रकाना जोडत गेल्याने भेटीच्या फॉर्ममध्ये आता ३४ रकाने झाले असून ते एकाखाली एक कसेही लागले आहेत. खुंट (ज्यावर संत्र्याचे कलम बांधतात ते रोप) जंभेरीचा की रंगपूर लिंबाचा, हा रकाना अगदी वर आहे आणि लागवडीचे वर्ष पार तळाशी. डिंक्याचा (बुंध्यातून डिंक गळण्याच्या रोगाचा) प्रादुर्भाव नोंदवायचा रकाना तर छायाचित्रांच्याही खाली गेला आहे. मधले रकाने रिकामे राहू लागले आहेत, याची मला काळजी वाटते, कारण याच नोंदी पाहून शेतकऱ्यांना पुढचा सल्ला दिला जातो. रकान्यांचे गट कसे पाडावेत, आणि तसे करताना जुन्या नोंदींना धक्का तर लागणार नाही ना?

धरमपेठकर
धक्का लागणार नाही. ‘फील्ड ग्रुप’ हे मॉड्यूल (ड्रुपलला जोडायचा भाग) बसवा आणि त्या आशय-प्रकाराच्या, म्हणजे भेटीच्या नोंदीच्या, ‘मॅनेज फॉर्म डिस्प्ले’ या पानावर गट तयार करून रकाने ओढून त्यांत ठेवा. हे गट केवळ दिसण्यापुरते असतात. माहिती त्या त्या रकान्याच्या यंत्रनावाखालीच (प्रणालीतल्या अंतर्गत नावाखाली) साठवलेली राहते. नको असलेला रकाना मात्र काढून टाकू नका, तर त्याच पानावर ‘डिसेबल्ड’ भागात न्या, म्हणजे फॉर्ममध्ये तो दिसणार नाही आणि जुनी माहितीही जाणार नाही.

वहीवाला
मॉड्यूलला हात लावण्याआधी आपल्या सहकाऱ्यांची बागेतली वही मागून घ्या, असे मी आग्रहाने सांगेन. आपण बहुधा वाचकाला पान जसे दिसते त्या क्रमाने फॉर्म लावतो. पण भरणाऱ्याच्या हाती माहिती वेगळ्याच क्रमाने येते. तो आधी शेतकऱ्याशी बोलतो, मग झाडांच्या ओळींतून फिरतो, बुंधा पाहतो, आणि छायाचित्रे शेवटी निवडतो. वहीतला क्रम आणि पडद्यावरचा क्रम जुळला, की रकाने सुटण्याचे प्रमाण कमी होते, हा माझा अनुभव आहे. गटांची नावेही त्यांच्याच बोलण्यातली ठेवा: ‘बागेची ओळख’, ‘बहार आणि ताण’ (फुलोऱ्याचा हंगाम आणि त्यासाठी पाणी तोडण्याचा काळ), ‘रोग-किडी’.

टॅब मात्र जपून वापरा. झाकलेल्या टॅबमधला अनिवार्य रकाना रिकामा राहिला, तर ब्राउझर काही वेळा नोंद जतन होऊ देत नाही आणि कारणही दाखवत नाही, कारण जो रकाना पडद्यावर नाही तिथे त्याला कर्सर नेता येत नाही. आमच्या एका सहकाऱ्याची सगळी दुपार यातच गेली होती. म्हणून अनिवार्य रकाने पहिल्या, सदैव उघड्या गटात ठेवावेत आणि क्वचित लागणारे तेवढेच मिटलेल्या गटात टाकावेत.

सीताबर्डी_वेब
वर्डप्रेसवर ‘एसीएफ’ (अॅडव्हान्स्ड कस्टम फील्ड्स, रकाने जोडण्याचे प्लगइन) वापरणाऱ्यांसाठी एक सावधगिरी नोंदवतो. त्यातील ‘टॅब’ आणि ‘अकॉर्डियन’ दिसण्यापुरतेच असतात, परंतु ‘ग्रुप’ हा स्वतःच एक रकाना असून आतल्या रकान्याच्या साठवणीच्या नावाआधी तो आपले नाव जोडतो. त्यामुळे जुना रकाना ग्रुपमध्ये हलवला, की आधीची माहिती डेटाबेसमध्ये असूनही फॉर्ममध्ये रिकामी दिसते.

संत्रा_नोंदी, नागपूर
आपणा सर्वांचे मनापासून आभार. वह्या मागवल्या असून, त्यांत सर्वांनीच पहिल्या ओळीत बहार लिहिलेला आढळला. अंबिया बहाराची फुले जानेवारी-फेब्रुवारीत आणि मृग बहाराची जून-जुलैत येत असल्याने ताणाच्या तारखांचे रकाने दोन्हींसाठी वेगळे ठेवले आहेत. निवडलेल्या बहाराचेच रकाने ‘कंडिशनल फील्ड्स’ने (अटीनुसार रकाने दाखवणाऱ्या मॉड्यूलने) दाखवता येतील का?

वहीवाला
येतील. फक्त ते रकाने मूळ व्याख्येत अनिवार्य करू नका. नाहीतर अंबिया निवडणाऱ्याला न दिसणारी मृगाची तारीख अडवून धरू शकते.