सरासरी आणि मध्यक : सूत्र नंतर सांगा

सरासरी असताना मध्यक कशाला शिकवतात असा प्रश्न पालकांना पडतो, तर मुलाला आधी सूत्र सांगूच नका, 2, 3, 3, 4, 18 एवढेच आकडे द्या. बेरीज 30, भागिले 5, सरासरी 6, आणि मग विचारा की पाचातले चार आकडे 6 पेक्षा लहान आहेत मग हा 6 नक्की कोणाचा? मधला आकडा 3, तोच मध्यक. आता 18 चा 8 करा, सरासरी धाडकन 4 वर येते, मध्यक जागचा हलत नाही. बहुलकही (सगळ्यात जास्त वेळा आलेला आकडा) 3च, त्यात फार काही नाही. फक्त मध्यक काढताना आकडे आधी चढत्या क्रमाने लावायचे (पालकच विसरतात हे!) आणि आकड्यांची संख्या सम असेल तर मधल्या दोघांची सरासरी घ्यायची.