बेबी पेगीचा पैसा गेला कुठे?

मृण्मयी_के: काल 1924 चा 'कॅप्टन जॅन्युअरी' पाहिला. बालतारका शर्ली टेंपलचा 1936 चा माहीत होता, हा त्याआधीचा मूकपट. दीपगृहातल्या म्हाताऱ्याकडे वाढणारी ती बालतारका बेबी पेगी काय सहज वावरते! नंतर वाचलं की 1923 मध्ये तिचा करार वर्षाला 15 लाख डॉलरचा होता, आणि तरुणपणी तीच एक्स्ट्रा म्हणून उभी राहायची. इतका पैसा जातो कुठे?

जुनीरिळं: घरातच गेला. बाप जॅक मॉन्टगोमेरी, गुराखी आणि स्टंटमन, काउबॉयपटांचा स्टार टॉम मिक्सचा डबल, म्हणजे धोक्याच्या दृश्यांत त्याच्या जागी उभा राहणारा. पोरगी 19 महिन्यांची असताना सेंच्युरी स्टुडिओत कुत्र्याबरोबरच्या विनोदी पटांसाठी घेतली. का, तर सांगितलं की निमूट ऐकायची. ही शिस्त बापाचीच, आणि तिच्या यशाचं श्रेयही तो स्वतःकडेच घ्यायचा! आईबापांनी हात सैल सोडला, उरलेलं सावत्र आजोबाने लंपास केलं. 1925 मध्ये बाप निर्माता सोल लेसरशी पैशांवरून भांडला आणि सिनेमाचे दरवाजे बंद. तेव्हा ती सात वर्षांचीही नव्हती. मग गावोगाव व्हॉडव्हिलचे, म्हणजे रंगमंचावरच्या विविधरंगी करमणुकीचे खेळ.

पोस्टरबॉय: पण बालकलाकारांची कमाई राखायला बालनट जॅकी कूगनच्या नावाचा कायदा होता ना?

जुनीरिळं: तो 1939 चा, भाऊ. पेगी तोवर विशीत. आणि त्याआधी कॅलिफोर्नियात अल्पवयीन मुलाची कमाई कायद्यानेच आईबापांची होती. म्हणजे आईबापांनी उधळलं त्याला चोरी म्हणायचीही सोय नाही! कूगनने 1938 मध्ये आई आणि सावत्र बापावर खटला भरला, त्यातून हा कायदा झाला. तोही फक्त न्यायालयाने मंजूर केलेल्या करारांपुरता. कमाई मुलाचीच आणि त्यातले 15 टक्के बाजूला ठेवायचेच, ही सक्ती 2000 सालापासूनची.

मृण्मयी_के: बाप रे. पुढे तिचं काय झालं?

जुनीरिळं: डायना सेरा केरी या नावाने हॉलिवूडच्या बालकलाकारांवर लिहीत राहिली, कूगनचं चरित्रही तिचंच. 2020 मध्ये गेली, 101 व्या वर्षी. माझ्या मते तिची पुस्तकं सिनेमांपेक्षा सरस, कारण बापाबद्दल लिहितानाही ती गळे काढत नाही. तिचे बरेचसे लघुपट नष्ट झालेत. 'हेलन्स बेबीज' मात्र मिळतो, बघच. त्यात पुढे मोठी तारका झालेली क्लारा बोसुद्धा आहे, नाव व्हायच्या आधीची.