लिनक्स मिंट: गिऱ्हाइकांच्या पेनड्राइव्हसाठी अँटिव्हायरस लागतो का?

नमस्कार मंडळी,

कॉलेजजवळ माझं झेरॉक्स-प्रिंटिंगचं छोटं दुकान आहे. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि दुकानातल्या जुन्या मशीनवर ११ बसेना, म्हणून लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकली. प्रिंटर चालतो, मराठी टायपिंग चालतं. अडलंय ते पेनड्राइव्हपाशी.

परवा एका मुलीचा पेनड्राइव्ह लावला. प्रोजेक्टच्या फोल्डरशेजारी त्याच नावाची एलएनके (विंडोजची शॉर्टकट) फाइल. खरं फोल्डर लपवून त्याच्या नावाने शॉर्टकट ठेवणारा शॉर्टकट व्हायरस! माझ्या मशीनला काही झालं नाही, पण तो पेनड्राइव्ह ती घरच्या विंडोजला लावणारच. पूर्वी अँटिव्हायरस लगेच ओरडायचा, आता कुणीच ओरडत नाही. लोक विश्वासाने आधार कार्ड, मार्कलिस्ट हातात देतात हो. माझ्या दुकानातून कुणाकडे घाण जाऊ नये, एवढंच वाटतं.

'लिनक्सला व्हायरस लागत नाही' हे उत्तर मला पुरत नाही. २०१६ मध्ये मिंटच्याच साइटवरून बॅकडोअर (मशीनमध्ये शिरायची चोरवाट) घातलेली आयएसओ, म्हणजे मिंट इन्स्टॉल करायची फाइल, लोकांनी उतरवली होती. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड यूटिल्स या लिनक्सवरच्या फाइल कॉम्प्रेस करणाऱ्या टूलमधलं बॅकडोअर सापडलं, तेही अँड्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरना एसएसएच (नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनवरच्या) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय असा प्रश्न पडला म्हणून.

क्लॅमएव्ही हा मोफत अँटिव्हायरस टाकला, पण एक पेनड्राइव्ह तपासेपर्यंत रांग लागते. आरकेहंटर हे रूटकिट (सिस्टिममध्ये लपणारं मालवेअर) शोधणारं टूलही चालवलं, तर 'एलडब्ल्यूपी-रिक्वेस्ट' या कमांडवर वॉर्निंग आली. रात्रभर झोप नाही. जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद

आधी ती वॉर्निंग सोडून द्या. ती कमांड मुळातच पर्ल या प्रोग्रॅमिंग भाषेतली स्क्रिप्ट आहे, म्हणून आरकेहंटर तिच्यावर बोट ठेवतं. अनेकांना येते.

क्लॅमस्कॅन ही क्लॅमएव्हीची तपासणीची कमांड दर वेळी व्हायरसच्या खुणांचा अख्खा सिग्नेचर डेटाबेस नव्याने मेमरीत भरते, वेळ तिथे जातो. क्लॅमएव्हीचं डीमन (मागे सतत चालणारा प्रोग्रॅम) चालू ठेवा आणि त्याच्याकडून तपासून घेणारी क्लॅमडीस्कॅन कमांड वापरा. डीमन एक जीबीहून जास्त रॅम अडवून ठेवतं, तेवढी आहे ना बघा. तुमच्या कामाला क्लॅमएव्ही योग्यच आहे, कारण त्याच्या डेटाबेसमध्ये मुख्यतः विंडोजचेच व्हायरस आहेत. पण तेवढ्यावर विसंबू नका. एलएनके, व्हीबीएस (स्क्रिप्ट), ईएक्सई (प्रोग्रॅम) अशा फाइली दिसल्या की गिऱ्हाइकाला विचारून काढा. कधी कधी नाव नसलेलं फोल्डर दिसतं. ते मात्र उडवू नका, खऱ्या फाइली बहुतेक त्यातच असतात.

तुमच्या मशीनपुरतं म्हणाल तर अपडेट रोज, सॉफ्टवेअर फक्त मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमधून, आणि फायरवॉल चालू करा. मिंटमध्ये ती असते, पण बंद. लिब्रेऑफिसमध्ये मॅक्रो (फाइलच्या आत दडलेले छोटे प्रोग्रॅम) सिक्युरिटी 'हाय'च्या खाली आणू नका.

धागाकर्ता

मनापासून धन्यवाद. रॅम ४ जीबी आहे, तरी डीमन चालू केलं. आता चहा ओतेपर्यंत पेनड्राइव्ह तपासून होतो. फायरवॉल खरंच बंद होती, चालू केली. त्या मुलीला फोन करून पेनड्राइव्ह परत आणायला सांगितलंय.

एक राहिलं: गिऱ्हाइकाने मोबाइल वायरने जोडला तर तोही असाच तपासता येतो का?