बाई म्हणतात शाल नको, आधी पडवीचं बघा

चाकरमानी_काळाचौकी:
नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या मुंबई मंडळाचा मी चिटणीस. गाव संगमेश्वर तालुक्यातलं, नाव मुद्दाम सांगत नाही. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी काळाचौकीच्या एका खोलीत बैठक भरते, निम्मे लोक गॅलरीत उभे. यंदा ५ सप्टेंबरला गावच्या शाळेतल्या बाईंचा सत्कार करायचं ठरलंय. पहिली ते पाचवी, पट १७, शिक्षक दोन. बाई ज्येष्ठ, म्हणून मुख्याध्यापकाचा चार्ज त्यांच्याकडे. खिचडीची चव त्यांनी बघायची, यूडायसची, म्हणजे शाळेची सरकारी ऑनलाइन माहिती त्यांनी भरायची, आणि पऱ्याला (ओढ्याला) पाणी आलं की पोरांना साकवावरून, म्हणजे छोट्या पुलावरून, हात धरून आणायलाही त्याच.

४२ हजार जमलेत. शाल, श्रीफळ, मोठी ट्रॉफी, बॅनर असा बेत. फोन केला तर बाई हसल्या. म्हणाल्या, "भाऊ, शाल नको. पडवीचा वासा वाळवीने खाल्लाय, त्याचं बघा. तीन पत्रं दिलीत मी."

आता मंडळात दोन तट. एक काका म्हणतात, छप्पर हे सरकारचं काम, आपण कशाला? दुसरे म्हणतात, बाईंनी राज्य पुरस्काराला प्रस्ताव पाठवावा. २०२० साली डिसले गुरुजींना जागतिक पुरस्कार मिळाला तेव्हा परितेवाडी सगळ्यांना ठाऊक झाली, तसं आपल्या शाळेचं होईल. मला बाईंच्या डोक्यावर आणखी एक फाईल ठेवायची लाज वाटते. माझा पोरगा इथे इंग्रजी शाळेत, त्यामुळे फार बोलताही येत नाही. काय करावं?

निवृत्त_केंद्रप्रमुख:
हल्ली बोरिवलीला मुलाकडे असतो. आधी एक सांगा, त्या पडवीत मुलं बसतात का? बसत असतील तर आजच फोन करून उठवा. ठराव-बिराव नंतर.

मंडळाने परस्पर सुतार धाडू नये. इमारत जिल्हा परिषदेची. उद्या काही झालं तर देणगीदाराचं नाव फलकावर राहतं आणि खुलासा चार्जवाल्या बाईंना मागतात. मी असे खुलासे मागितलेत, म्हणून सांगतो. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव घ्या. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे तिच्यात पाऊण सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला, पण बहुतेक ठिकाणी समिती सहीपुरती उरते. बाईंची तीन पत्रं एकटीची होती. चौथं समितीच्या आणि ग्रामपंचायतीच्या ठरावासकट जाऊ दे. बांधकाम विभागाच्या अभियंत्याकडून पाहणी मागा. दुरुस्ती की निर्लेखन (म्हणजे वापरायोग्य नाही म्हणून पाडायला काढणं), ते त्याने लेखी द्यावं.

आणि काकांना सांगा, पहिली ते पाचवीच्या शाळेत पूर्णवेळ मुख्याध्यापकासाठी १५० च्या वर पट लागतो. तुमच्या १७ पोरांना बाईच मुख्याध्यापक, बाईच कारकून.

परळचा_सुतार:
एक वासा खाल्लाय म्हणजे शेजारचे दोनही ठोकून बघा. जांभ्याच्या सांध्यातून वाळवी वर चढते. नुसती कौलं परतून भागत नाही.

पालिकेची_बाई:
मी गोवंडीला पालिकेच्या शाळेत शिकवते. माझाही सत्कार झालाय. ट्रॉफी टीव्हीशेजारी आहे, धूळ पुसायचं एक काम वाढलं. प्रस्तावाची फाईल मीच केली होती, स्वतःचं कौतुक स्वतःच लिहून. तीन रात्री गेल्या आणि फोटो चिकटवताना रडू आलं ते वेगळंच.

शाल मात्र द्या हो. बाई नको म्हणाल्या म्हणून राहू देऊ नका, नको तर आम्ही म्हणतोच. पण भाषणांऐवजी त्यांची ती तीन पत्रं तारखेसकट मोठ्याने वाचा, सरपंचांना पुढच्या खुर्चीत बसवून. आणि पावसाळ्याचे चार महिने साकवावर गावातलं एक माणूस उभं करा, मानधन मंडळाने द्यावं. पोरं उतरवताना बाईंचाच पाय घसरला तर?

चाकरमानी_काळाचौकी:
फोन केला. पोरं पडवीतच जेवायला बसत होती. आजपासून वर्गात बसवतात. समितीची अध्यक्ष माझी चुलत वहिनीच निघाली! दोन वर्षं झाली म्हणे, मला पत्ताच नाही. ठराव ती सोमवारी घेतेय. साकवासाठी माणूसही तीच बघते म्हणाली. काकांना अजून पटलेलं नाही. ट्रॉफी रद्द करायला गेलो तर दुकानदार म्हणतो, नाव कोरून झालंय.