फॅन आर्ट करताना हात अडतो, तुमचंही असं होतं का?

सायली_रंगते
नमस्कार मंडळी. 'स्टार वॉर्स'मधल्या दोन सूर्यांच्या वाळवंटाचं चित्र करतेय. ए-३ कागद, गॉश (अपारदर्शक जलरंग). आकाश झालं, मागच्या टेकड्या झाल्या. पुढे त्यातला सोनेरी रोबो थ्रीपीओ उभा करायचाय आणि तिथेच गाडी अडलीय. धातू वाटतच नाही, पिवळं प्लास्टिक वाटतं. रोज टेबलाशी बसते, ब्रश ओला करते, मग फोनवर इतरांची कामं बघत राहते आणि उठते. घरचे म्हणतात छान झालंय, पण मला खटकतंय. शिवाय एक विचार सारखा छळतो: जग दुसऱ्याचं, पात्रं दुसऱ्याची, मग यात माझं काय?

जुना_ब्रश
सायली, होतं गं, आणि नेमकं इथेच होतं. पार्श्वभूमी संपते, आकृती कच्ची असते. त्या वेळी कुणाचंही चित्र वाईटच दिसतं.

'स्टार वॉर्स'ची संकल्पना-चित्रं काढणाऱ्या राल्फ मॅक्वारीचं १९७५ सालचं, थ्रीपीओ आणि त्याचा जोडीदार आर-टू-डी-टू या दोन रोबोंचं चित्र शोधून बघ. सिनेमा आला १९७७ ला, म्हणजे बघून काढायला पडद्यावर थ्रीपीओ नव्हताच. तरी तो शून्यातून आलेला नाही. १९२७ च्या 'मेट्रोपोलिस'मधल्या यंत्रमानव बाईचा तोंडवळा त्यात सरळ दिसतो. मॅक्वारी आधी बोईंगमध्ये तांत्रिक चित्रं काढायचा, तो हातही दिसतो. दुसऱ्याचं घेऊन त्याचं झालंच ना? तुझंही होईल.

आता धातू. तू बहुतेक छटा एकमेकींत अलगद मिसळतेयस, म्हणून प्लास्टिक. चकचकीत धातू आजूबाजूचं परत दाखवतो: वर वळलेल्या भागावर आकाश, खालच्या भागावर वाळू, मध्ये गडद तपकिरी पट्टा. गडदाला उजळ थेट चिकटू दे, मधल्या छटा कमी कर.

आणि गॉश वाळताना बदलतो. उजळ छटा थोड्या गडद होतात, गडद छटा फिकट. ओल्या रंगावरून रात्री स्वतःला नापास करू नकोस. त्याच कागदाच्या पट्टीवर छटा लाव, वाळू दे, मग ठरव.

ध्रुवतारा
काकांना +१. फोन हातात येतोच आहे तर त्यावर आपल्याच चित्राचा फोटो काढून कृष्णधवल करून बघ. आकृती मागच्या वाळूत विरघळत असेल तर रंग कितीही बदललास तरी उपयोग नाही.

सावल्याही तपास. सूर्य दोन, तर सावल्याही दोन. जिथे त्या एकमेकींवर पडतात तो भाग सर्वांत गडद, कडेला फिकट पट्टी. आणि 'माझं काय' म्हणशील तर प्रकाश तुझा घे. दोन ताऱ्यांभोवती फिरणारा केप्लर-१६ बी हा ग्रह २०११ मध्ये जाहीर झाला. त्यातला मोठा तारा नारिंगी, छोटा लाल. तसं ऊन त्या सोनेरी पत्र्यावर कसं पडेल, ते काढून बघ.

सायली_रंगते
काका, ध्रुव, मनापासून आभार. पट्टी केली. खांद्याखाली गडद तपकिरी पट्टा आल्यावर पत्रा वाटायला लागला! सावली मी एकच काढली होती, आता लाल कडेची दुसरी घालतेय. डोळे पेटलेले दाखवायचेत, तिथे पांढरा किती वापरू?

जुना_ब्रश
अगदी टोकाएवढा, भोवती गडद पिवळ्याचं कडं. आणि बाकी चित्रात कुठेही शुद्ध पांढरा नको, टेकड्यांवर असेल तर आजच दाबून टाक.