इंद्रलाल रॉय आपला म्हणायचा की साम्राज्याचा?

पश्चिमवारा (धागा काढणारा): मुलाला पहिलं महायुद्ध समजावताना इंद्रलाल रॉयचं नाव निघालं, त्याच्या पुस्तकात ते कुठेच नाही. कलकत्त्याचा जन्म, शाळा लंडनला, १८व्या वर्षी रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये, म्हणजे ब्रिटिश सैन्याच्या विमानदळात, भरती. नजर कमी म्हणून आधी नाकारलं होतं, तर म्हणे स्वतःची मोटरसायकल विकून त्या पैशात मोठ्या डॉक्टरकडून डोळे परत तपासून घेतले. जुलै १९१८ मध्ये दोन आठवड्यांच्या आत दहा हवाई विजय (म्हणजे शत्रूची विमानं हरवणं) नावावर लागले आणि २२ जुलैला गेला. वय १९! मी म्हणतो हा आपला हीरो आहे आणि आपण त्याला विसरलो ही चूकच आहे.

रानवाट: साफ असहमत. पोरगा शूर होता, मान्य, पण लढला कोणासाठी? तो गेला त्यानंतर नऊ महिन्यांत त्याच सरकारने जालियनवाला बाग केलं. आणि खरं सांगू, माझ्या पणजोबांचा भाऊ मराठा पलटणीतून मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, गेला तो आलाच नाही, घरात साधा फोटोसुद्धा नाही त्याचा. पोटासाठी गेलेल्या शिपायांना कोणी विचारत नाही आणि बॅरिस्टरच्या मुलाला हीरो करायचं, हे मला पटत नाही.

नदीकाठ: रानवाट, तुमच्या घरचं वाचून वाईट वाटलं. पण १९१८ ला आजच्या चष्म्यातून बघू नका ना. त्याच उन्हाळ्यात गांधीजी खेड्याला, म्हणजे गुजरातेतल्या खेडा जिल्ह्यात, गावोगाव फिरून ब्रिटिश सैन्यात भरती व्हा सांगत होते. टिळकांचंही म्हणणं होतं की माणसं देतो, पण हिंदी लोकांना अधिकारीपद द्या. म्हणजे त्या काळी हिंदी माणसाने वैमानिक अधिकारी होणं हाच एक हक्काचा झगडा होता. त्याची आई ललिता रॉय १९११ मध्ये लंडनच्या रस्त्यावर बायकांच्या मताधिकाराच्या मिरवणुकीत चालली होती, असल्या घरातला मुलगा साहेबापुढे मान खाली घालणारा असेल असं मला तरी वाटत नाही.

रानवाट: गांधी-टिळकांची ती भूमिकाही मला चूकच वाटते, त्यांचं नाव घेतलं म्हणून वाद संपत नाही. माणसं दिली, हातात काय आलं? रौलट कायदा.

कोकणकडा: एक राहिलंच. मुंबईचे वैमानिक श्रीकृष्ण वेलिणकर, ब्रिटिशांची २३ स्क्वाड्रन (विमानांची तुकडी), सॉपविथ डॉल्फिन विमान, तेही जून १९१८ मध्येच गेले. रॉयवर निदान १९९८ मध्ये पोस्टाचं तिकीट तरी निघालं, वेलिणकर मराठी घरांतसुद्धा कोणाला माहीत नाहीत.

पश्चिमवारा: कोकणकडा, थँक्स, खरंच माहीत नव्हतं. रानवाट, तुमचा राग खोटा नाही, पण एक सांगतो. डिसेंबर १९१७ मध्ये रॉयचं विमान कोसळलं, मेला समजून प्रेतांच्या खोलीत ठेवलेला, शुद्धीवर आल्यावर आतून दार बडवलं अशी हकीकत आहे. यातून वाचलेला मुलगा बरा होता होता विमानांची चित्रं काढत बसला आणि परत उडायला गेला! शेवटच्या दिवशी जर्मन फोकर विमानांशी गाठ पडली, विमान पेटलं आणि पॅराशूट नाही, कारण तेव्हा ब्रिटिश वैमानिकांना पॅराशूट देतच नव्हते. लाकूड आणि कापडाचं विमान, पेटल्यावर उरतं काय. हा शेवट वाचल्यावर साम्राज्य वगैरे मला सुचतच नाही, फक्त १९ वर्षांचं पोर दिसतं.

रानवाट: पोर दिसतं, मलाही दिसतं, म्हणून तर राग येतो. त्यांच्या लढाईसाठी पोरं आपली जळाली. रॉयला शिकवा, पण पुढे हेही सांगा, आणि मेसोपोटेमियाही शिकवा.

नदीकाठ: यावर माझी हरकत नाही. फ्रान्समध्ये एस्तेव्हेलला त्याची कबर आहे, तिच्या दगडावर बंगालीत कोरलंय, महावीराची समाधी, आदर दाखवा, स्पर्श करू नका. ब्रिटिश फौजेच्या दगडावर बंगाली अक्षरं. मुलाला हा फोटो दाखवा आधी.

रानवाट: फोटो टाका इथे.